चष्मेवाल्या मॅडम

माणसांशी कसं बोलावं हे शिकवणाऱ्या आमच्या मॅडमशी बोलायला अख्खं दिग्रस घाबरायचं. बारशाला गेल्या तर पाळण्यात डोकावून म्हणायच्या, "बापावर गेलं. आता काय करता!" आणि शांतपणे घुगऱ्या खात बसायच्या. बापाचं तोंड बघण्यासारखं व्हायचं.

माझा दादा स्वमग्न. तिशी उलटलेला, कापसाच्या गाठींवर नंबर टाकण्याचं काम एकदा पाहून शिकलेला. पण अनोळखी माणसानं निरखून पाहिलं की कान झाकून पळत सुटायचा. त्यापायीच सरकी काढायच्या एका जिनिंग कारखान्यातून आठवड्यात घरी आला होता. मॅडम अशा मोठ्या माणसांना शिकवतात असं ऐकून मी त्याला घेऊन गेले. त्यांनी त्याला नाव विचारलं, उत्तर मी दिलं. "तुले नाही विचारलं," मॅडम म्हणाल्या. "तू तोंड उघडलं की त्याचं बंद होते." असा राग आला मला!

त्यांच्याकडे डोळ्यांवर चढवायचा तो व्हीआरचा चष्मा होता. घातला की आपण दुसऱ्याच ठिकाणी उभे. मान वळवावी तिकडे माणसं. ती बोलतात, आपण उत्तर द्यायचं. नाहीच जमलं तर चष्मा काढायचा. पण त्यातली तयार माणसं सगळी कोट घातलेली, हसून हात पुढे करणारी. "असं कोण बोलते आपल्याकडं?" म्हणत मॅडमनी चहूकडचं टिपणारा कॅमेरा मागवला आणि बसस्टँडवर नेऊन ठेवला.

झालं भलतंच. चित्रण बघितलं तर जो तो कॅमेऱ्यात तोंड घालून उभा. "हे काय व्हय बाप्पा?" "कायले ठेवलं इथं?" एका आजीनं तर पदरानं काच पुसून आत डोकावून पाहिलं. मी म्हटलं, मेहनत वाया गेली. मॅडम मात्र खूश. "वाया कायले? तुझ्या दादाले लोक असेच तर पाहतात!"

मग दादा रोज चष्मा चढवून त्या गर्दीत उभा राहू लागला. सुरुवातीला चष्मा भिरकावायचा. मॅडम रागवायच्या नाहीत, कौतुकही करायच्या नाहीत. "आज फुटला नाही, बरं झालं," एवढंच. पळायच्याऐवजी म्हणायला त्यांनी त्याला एक वाक्य दिलं: "मले बोलाले वेळ लागते. थांबा जराक." मी विचारलं, एवढंच? तर म्हणाल्या, "त्यानं आपल्यासारखं व्हायचं नाही. फक्त आपल्याले थांबवायचं."

त्या हंगामात बोंडअळीनं कापूस खाल्ला. जिनिंग अर्ध्या बंद, कामाच्या आशेनं माणसं दिवसभर गेटवर बसलेली. अशात एका मालकानं दादाला घ्यायचं कबूल केलं, पण अट घातली, "बहिणीनं सोबत यायचं नाही. इथं त्याचं त्यालेच बोला लागन." आई थकली होती. हेही काम गेलं तर पुढे दादाचं कसं होणार, या विचारानं माझा जीव टांगणीला लागला.

मॅडमनी मला बजावलं होतं, तिकडे फिरकायचं नाही. मी गेलेच. गेटसमोर उभ्या ट्रकमागे लपायला गेले, तर तिथं आधीच मॅडम, तोंडाला पदर लावून!

दादा आला. बसलेले सगळे उठून त्याच्याभोवती जमले. "कोण रे तू? कोणाचा?" त्याचे हात कानांकडे गेले. मी धावणार, तोच मॅडमनी माझं मनगट असं आवळलं की बांगडी फुटली. मग दादाचा सपाट, मोठा आवाज आला, "मले बोलाले वेळ लागते. थांबा जराक."

आणि थांबले हो ते! एकानं तर बाकीच्यांना दटावलं, "थांबा ना बे." दादानं सावकाश नाव सांगितलं, काम सांगितलं आणि आत गेला.

"जा आता घरी," मॅडम म्हणाल्या. "सुटली तू." त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं ते एकच गोड बोलणं. मी भर रस्त्यात रडले.

पुढे मॅडम मुलाकडे नागपूरला गेल्या, निरोपही न घेता. दादा अजून त्याच जिनिंगमध्ये आहे. त्या दुपारी मी घरी आले, ताट वाढून घेतलं आणि कितीतरी वर्षांनी, दादा पळत परत आला का म्हणून दाराकडे कान न लावता पोटभर जेवले.