गल्लीचे दिवे मंदावणारं मशीन

कामिल जमादार भडकला की गल्लीतले दिवे मंदावत. हे उगीच रंगवून सांगत नाही, खरंच मंदावत. हातकणंगल्यात स्टेशनामागच्या गल्लीत त्याच्या घरापुढं पत्र्याचं शेड होतं आणि शेडात त्याच्या अब्बांच्या वेळचं, तांब्याच्या तारा गुंडाळलेलं वेल्डिंगचं मशीन ठाण मांडून बसलेलं होतं. घरच्याच मीटरवर चाले. रॉड टेकवला की सगळ्या गल्लीचं व्होल्टेज ओरबाडून घेई. टीव्ही बंद पडत, पंखे रेंगाळत आणि दारादारांतून शिव्या सुरू होत.

कामिलचं उत्तर ठरलेलं होतं. कुणी फारच तोंड सोडलं, तर तो काम बाजूला ठेवून जाडातला जाड रॉड काढी आणि भंगार लोखंडावर उगीचच शेवटपर्यंत जाळी. घ्या, बसा अंधारात! या खोडीपायी त्याचा एक दात पडला होता आणि त्यानंही लोकांचे पाडले होते. हाताला कसब होतं, मनानंही वाईट नव्हता; पण राग आला की माणूस जनावर व्हायचा, हे त्याची बायको नजीरासुद्धा तोंडावर सांगे.

त्या दिवशी सकाळी तो एका गेटाचं काम करत होता. वारणानगरला शेड उभारून आदल्या संध्याकाळीच घरी आला होता. रॉड टेकवतोय तोच शेजारचा बाबासो कांबळे उंबऱ्यावरून ओरडला, "ए कामिल! बंद कर ते मढं!"

"का? मॅच बघत बसलायस व्हय?"

"बंद कर म्हणतोय न्हवं!" आणि पुढं बाबासोनं अशी शिवी हासडली, की कामिलच्या कानशिलाची शीर तडतडली. त्यानं जाड रॉड होल्डरला लावला आणि बाबासोच्या डोळ्यांत बघत गेटाच्या पट्टीवर टेकवला.

बाबासो धावत आला तो शेडातलाच लोखंडी पाइप उचलून. पहिलाच घाव कामिलच्या उजव्या खांद्यावर बसला आणि हाड कडाडलं. होल्डर हातातून सुटला, पण रॉड पट्टीला चिकटून वीज ओढतच राहिला. मशीन घुमू लागलं. तिकडं बघायची दोघांपैकी कुणालाच शुद्ध नव्हती. कामिलनं डाव्या हातानं हातोडी उचलून बाबासोच्या तोंडावर हाणली. ओठ फाटला. बाबासोनं त्याला खाली पाडलं, मोडक्या खांद्यावर गुडघा रोवला, गळा धरला. लोखंडाच्या किसात दोघं रक्तबंबाळ होऊन लोळत होते, आणि वर मशीन घुमतच होतं.

"अवो, आत्तीचं मशीन बंद पडलंय!" बाबासोची बायको मीनाबाई दारातून किंचाळली. "आत्ती निळी पडायला लागली!"

नजीरानं धावत जाऊन आपल्या घरचा मेन स्विच खाली ओढला. बाबासो कामिलला तसाच टाकून घरात पळाला. कामिल खांदा धरून त्याच्या मागोमाग गेला आणि दारातच थिजला.

बाबासोची आई, जिला सारी गल्ली आक्का म्हणे, खाटेवर तोंड उघडं टाकून हवा शोधत होती. नाकात नळी होती. खाटेशेजारचं ऑक्सिजनचं मशीन व्होल्टेज परत आल्यावर आत्ता कुठं घरघरायला लागलं होतं. आक्काचे जांभळे ओठ हळूहळू निवळू लागले. लहानपणी अब्बा पट्ट्यानं बडवायला लागले की कामिल याच खाटेखाली येऊन लपायचा.

"काल दवाखान्यातनं आणली," बाबासो रक्त थुंकत म्हणाला.

"मग तसं सांगायचं की, मर्दा!"

"तू कुणाचं ऐकलंयस आजवर?"

कामिलला लाज वाटली, नुसती लाज.

खांदा बांधून घेतल्यावर त्यानं नवं मशीन घ्यायला यंत्रांच्या दुकानांचं उद्यमनगर गाठलं. मोटारसायकल बाबासोच चालवत होता, कारण कामिलचा हात गळ्यात होता. दुकानदारानं भारीतलं, जास्त अँपिअरचं मशीन पुढं केलं. कामिल मान हलवत म्हणाला, "तसलं नको. घरच्या मीटरवर चालणारं, बारीक रॉडाचं दाखवा. घरातली लाइट हलता कामा न्हाय." त्यानं पिशवीतून जुना पिवळा बल्ब काढला, मशीनच्याच लाइनवर लावायला सांगितला आणि बाबासोला त्यापुढं उभं केलं. एलईडी व्होल्टेज पडलेलं लपवतो, पिवळा बल्ब लपवत नाही. मग डाव्या हातानं रॉड टेकवला. भारीतल्यावर बल्ब लाल झाला. दुसऱ्या मशीनवर लुकलुकला. तिसरं खांद्याला अडकवून नेण्याजोगं, कमी वीज ओढणारं इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन होतं. त्यावर बल्ब जरासा थरथरला आणि तसाच जळत राहिला.

"ह्ये घे," बाबासो फाटक्या ओठांनी म्हणाला.

दोघं घरी आल्यावर मीनाबाई आक्काच्या उशाशी जाऊन बसली. मशीन बंद पडलंच तर म्हणून ऑक्सिजनचा भरलेला सिलिंडर बाबासोनं आता आणून ठेवला होता. कामिलनं बारीक वायरीचं एक्स्टेन्शन फेकून दिलं, जाड वायरीनं मशीन जोडलं आणि वेल्डिंगची काळी काच आपल्या तोंडावर धरायला नजीराला उभं केलं. त्यानं डाव्या हातानं रॉड टेकवला. ठिणगी पडली. शेजारून मीनाबाईची हाक आली, "चालू हाय!" त्यानं पूर्ण रॉड जाळला. "चालूच हाय!"

कामिलनं होल्डर खाली ठेवला, कोपऱ्यातला घण डाव्या हातानं ओढत आणला आणि बाबासोपुढं टाकला.

"अब्बांचं मशीन फोड."

"येडा हाईस काय? इक की त्ये."

"इकलं तर दुसऱ्या गल्लीत माझ्यासारखाच कुणीतरी लावंल. ठेवलं तर कुणी शिवी दिली की माझा हात तिकडंच जाणार. मला म्हाईत हाय माझा हात."

"मग तूच घाल की घाव."

"खांदा तू मोडलायस," कामिल म्हणाला. "घण तूच घाल."

बाबासोनं घण उचलला. पहिला घाव पडला, पत्रा चेपला, आतलं तांबं उघडं पडलं, आणि बाप मेला तेव्हाही न रडलेला कामिल भिंतीला टेकून ओक्साबोक्शी रडू लागला. बाबासोचे हात थांबले.

"थांबू नगंस," कामिल ओरडला. "हाण!"