पनवती अक्का

कोपरा वळण्याआधी अक्का मोठ्याने खोकायच्या. छातीत काही दुखणं नव्हतं. कोणी कामाला निघालं असेल तर त्याने वेळीच तोंड फिरवावं, एवढ्यासाठी.

गाव त्यांना पनवती म्हणे. खरं तर पनवती शनीची. ती येते आणि मुदत संपली की जाते. आमच्या धुळ्याकडच्या गावात मात्र ती माणसाला चिकटली की सुटत नसे. अक्कांच्या लग्नाच्या आठवड्यातच सासऱ्यांचा बैल मेला आणि वर्षाच्या आत नवरा गेला. पुरावा एवढाच. लग्नाचे उडदाचे पापड लाटायला त्या सगळ्यांना चालत. त्याच लग्नाचं बोलावणं त्यांना नसे.

मी त्या गावची नवी सून. एका सकाळी माझ्या तान्ह्या मुलाला तापात आकडी आली. नवरा परगावी. धुळ्याची गाडी स्टँडवर लागलेली, पुढची थेट दुपारी. मुलाला गुंडाळून निघाले, तर दारातच अक्का. माझी किंकाळी ऐकून धावत आल्या होत्या, त्यामुळे खोकल्या नव्हत्या.

सासूबाईंनी मला दंडाला धरून आत ओढलं. अपशकुन झाला की घरात परतायचं, बसायचं, पाणी प्यायचं, मग निघायचं. गाडी जाईल म्हटलं, तर त्यांनी कडी घातली. मुलाचे ओठ निळे पडत होते आणि मी पाटावर बसून पाणी गिळत होते. अक्का दारातून केव्हाच निघून गेल्या होत्या.

स्टँडवर पोचले तेव्हा गाडी घरघरत उभी होती आणि तिच्यापुढे भर रस्त्यात अक्का मांडी घालून बसल्या होत्या. कंडक्टर लांबूनच विनवत होता. हात लावायला कोणी धजेना.

"मी पनवती शे ना?" अक्का ड्रायव्हरला शांतपणे म्हणत होत्या. "मंग काढ गाडी, भाऊ. पुढे काय व्हई ते तू दखी ले."

मला पाहिलं तशा त्या उठल्या आणि गाडीकडे पाठ करून बाजूला उभ्या राहिल्या.

मुलगा वाचला. पाणी पिऊन निघालो म्हणून निभावलं, असं सासूबाई गावभर सांगत राहिल्या. मी खरं सांगायचे. लोक हसण्यावारी न्यायचे.

अक्का गेल्या त्याच्या आदल्या उन्हाळ्यात आमच्याकडे पापड लाटत होत्या. मी म्हटलं, तुम्हाला पनवती म्हणणाऱ्याची मी आता चारचौघांत खरडपट्टी काढणार आहे. त्यांनी लाटणं थांबवलं नाही.

"ऱ्हाऊ दे, बाई," त्या म्हणाल्या. "लोके घाबरतस तेच बरं शे. उद्या आनखी कोनासाठे गाडी थांबाडनी पडी."