डॅशबोर्डात बसवलेला खेळ

रोडेल माग्पांतायला एखादी गाडी उघडून द्या आणि पुढचे चार तास त्याच्याशी बोलू नका. बोललात तरी उत्तर मिळायचं नाही. स्टॉकटन शहरात गाड्यांना स्टिरिओ बसवणारे पैशाला पासरी होते, पण डॅशबोर्डात जिथे जागाच नाही तिथे जागा काढणारा हा एकच. कापड ताणायचं, त्यावर रेझिन चोपडायचं, वाळलं की घासायचं, पुन्हा चोपडायचं, पुन्हा घासायचं. शेवटी हात फिरवला तर गाडी कारखान्यातूनच तशी आली असं वाटावं. हाताला ही करामत होती, आणि तोंडाला कुलूप.

दोन हजार तीन-चारचा तो काळ. आमच्या फिलिपिनो पोरांना तेव्हा नुसतं वेड लागलं होतं. राहायचं आईबापाच्या घरी, जेवायचं आईच्या हातचं, आणि पगार सगळा गाडीत घालायचा. सीटच्या पाठीत पडदे, डिकीत पडदे, एका महाभागाने तर डोक्यावरच्या सावलीच्या फळीत पडदा बसवून घेतला होता. आणि पडदा आला म्हणजे गेम कन्सोल आलाच. ‘दादा, असं बसव की बघणाऱ्याचं तोंड उघडं राहिलं पाहिजे,’ असं सांगून पोरं चावी टाकून जायची. रोडेल ‘हं’ म्हणायचा. त्याच्याकडून तेवढंच मिळायचं.

आता या धंद्यातली एक गोष्ट. अशा प्रत्येक पडद्यामागून एक फिकट हिरवी वायर निघते. ती हँडब्रेकला जोडायची असते. हँडब्रेक ओढलेला असेल तरच चित्र दिसतं, सोडला की पडदा काळा. खोक्यावर लाल अक्षरांत तसं छापलेलंही असतं. पण ती वायर हँडब्रेकला जोडणारा माणूस अख्ख्या स्टॉकटनमध्ये शोधूनही सापडला नसता. सगळे तिला गाडीच्या पत्र्यावर एका स्क्रूखाली दाबून टाकायचे, म्हणजे पडद्याला वाटतं गाडी कायमची उभीच आहे. गिऱ्हाईक त्याबद्दल बोलायचं नाही, बसवणारा विचारायचा नाही. रोडेलने आयुष्यात अशा इतक्या वायरी दाबल्या होत्या की डोकं दुसरीकडे असलं तरी हात तिथे बरोबर जायचा.

त्याचं लग्न मोडलं ते काही भांडणातंट्याने नाही. हा घरी नसायचाच. असला तरी नसल्यासारखा. बायको मारिव्हिक नर्स, ती कधीकधी तोंडावर म्हणायची, ‘तुला बायको कशाला हवी होती रे? बारा व्होल्टची बॅटरी उशाशी घेऊन झोपला असतास तरी चाललं असतं.’ मग तिला फ्रेझ्नोच्या हॉस्पिटलात अपघात विभागात नोकरी लागली आणि ती मुलीला घेऊन निघून गेली. कोर्टाने ठरवून दिलं: एक आड एक शनिवार-रविवार मुलगी बापाकडे. शुक्रवारी संध्याकाळी रोडेलने आणायची, रविवारी दुपारी पोचवायची. नव्व्याण्णव नंबरचा हायवे, दोन तास.

मुलगी जनेल, नऊ वर्षांची. तिला यायचं नसायचं. दर शुक्रवारी तिचं पोट दुखायचं, आणि गंमत म्हणजे फक्त शुक्रवारीच दुखायचं. रोडेल दारात उभा राहायचा, आतून रडण्याचा आवाज यायचा. मग ती तोंड फुगवून मागच्या सीटवर बसायची आणि दोन तास काचेला कपाळ लावून बाहेर बघायची. रोडेलला आरशात तिचा नुसता भांग दिसायचा. काय बोलावं ते त्याला सुचायचं नाही. ‘भूक लागली?’ ‘नाही.’ ‘एसी वाढवू?’ ‘नको.’ की संपलं.

एका रविवारी मारिव्हिक दारातच म्हणाली, “हे बघ, मी तिला ढकलून ढकलून पाठवते. दहा वर्षांची झाली आणि ठाम नाही म्हणाली, तर मी जबरदस्ती करणार नाही. आधीच सांगून ठेवते.”

दहावा वाढदिवस सात महिन्यांवर होता. रोडेल एकटाच दोन तास गाडी चालवत घरी निघाला. पोरगी नको म्हणाली की आपण कोणाचे कोण? एवढं एकच त्याच्या डोक्यात घोळत होतं.

मग एका शनिवारी असं झालं की रोडेलची आई, म्हणजे जनेलची आजी, चर्चच्या कामाला गेली आणि रोडेलला जनेलला दुकानात न्यावं लागलं. एका गिऱ्हाइकाच्या व्हॅनमध्ये नुकताच बसवलेला गेम चालतो का बघायचं होतं. त्याने तिच्या हातात कंट्रोलर दिला. दोन तासांनी पोरगी व्हॅनमधून उडी मारून धावत आली. गाल लाल, केस विस्कटलेले. “डॅडी! मी चौथ्या लेव्हलला गेले! तिथे एक पूल आहे, तो पडतो, पण मी नाही पडले!”

वर्षभरात ती त्याच्याशी इतकं सलग बोलली नव्हती. रोडेलचं काळीज सुपाएवढं झालं. त्याच दिवशी त्याने मनाशी ठरवलं.

दुकानाचा मालक दान्तेकाका, साठीचा, पोटाने मोठा आणि मनानेही. तो म्हणाला, “अरे मग बसव की! सीटच्या पाठीत पडदा लाव. पोरगी मागे बसेल, खेळेल, तू पुढे रस्ता बघ. सरळ काम आहे.”

“मागे नको, काका.”

“का?”

“मागे बसली की मला तिचा भांग दिसतो फक्त.”

दान्तेकाकाने त्याच्याकडे नीट पाहिलं. “म्हणजे डॅशबोर्डात घालणार? तुझ्या नाकासमोर?”

“तिच्याकडे थोडा कलता बसवीन.”

“बसव बाबा. तुझी गाडी, तुझी पोर. पण पडद्याकडे बघू नकोस म्हणजे झालं.”

बुधवारी दुकान बंद असायचं. तीन बुधवार रोडेल एकटा आपल्या जुन्या सिव्हिक गाडीत गुडघे दुमडून बसला. त्याच वर्षी बारीक अंगाचा नवा कन्सोल बाजारात आला होता. हातमोजे ठेवायच्या कप्प्याच्या जागी त्याने तो असा बसवला की वरचं झाकण उचलून डिस्क घालता यावी. मधोमध पडदा, जनेलच्या बाजूला कललेला. कंट्रोलरच्या वायरीसाठी तिच्या उजव्या गुडघ्याजवळ खोबण. भोवतालचा साचा त्याने पाच वेळा घासला. गिऱ्हाइकाच्या गाडीला तीन वेळा घासला की पुरे म्हणायचा. आणि शेवटी फिकट हिरवी वायर आली, तिच्यासाठी हात आपसूक स्क्रूकडे गेला. थांबला नाही, अडखळला नाही. सवयच ती.

पुढच्या शुक्रवारी जनेलचं पोट दुखलं ते दारापर्यंतच. गाडीचं दार उघडलं आणि ती किंचाळली. “हे माझं? डॅडी, हे माझं?” धावत जाऊन आईला ओढून घेऊन आली. मारिव्हिकने वाकून बघितलं, साच्यावरून बोट फिरवलं. “काम छान केलंस,” ती म्हणाली. “पण गाडी चालू असताना चालत नाही ना हे?”

“आतून व्यवस्थित जोडलंय,” रोडेल म्हणाला. खोटं बोलला असं त्याला त्या क्षणी वाटलंसुद्धा नाही. सगळे असंच तर जोडतात.

तिथून पुढचे काही महिने त्याच्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे, हे कोणीही सांगेल. शुक्रवारी पोरगी बॅग घेऊन पायरीवर वाट बघत बसलेली असायची. शेजारी बसायची. “डॅडी, बघ ना! डॅडी, मेले! डॅडी, नाही मेले!” रोडेल एक डोळा रस्त्यावर ठेवायचा आणि एक तिच्यावर. शनिवारीही ती आजीच्या घरासमोर उभ्या गाडीत जाऊन बसायची, आणि हा ताटलीत लुम्पियाचे तळलेले रोल घेऊन शेजारच्या सीटवर. आजी ओरडायची, “ही पोरगी माझ्याकडे आलीये की गॅरेजमध्ये? पान्सीतच्या शेवया गार झाल्या तिकडे!” रोडेल हसायचा. पोरगी बापाशी बोलतेय की पडद्याशी, हा प्रश्न त्याला कधी पडला नाही. पडायला हवा होता. पण उपाशी माणसाला पानात काय वाढलंय याची चिकित्सा करवत नाही, त्यालाही करवली नाही.

दहावा वाढदिवस झाला. पोरगी नाही म्हणाली नाही. रोडेलने देवाचे आभार मानले.

फेब्रुवारीतला रविवार, लख्ख दुपार, फ्रेझ्नोच्या वाटेवर, मडेरा गावाच्या अलीकडे. जनेल दोन महिने ज्या राक्षसापाशी अडली होती तो अखेर खाली कोसळत होता. “डॅडी, बघ! बघ, बघ, बघ! मरतोय!” आणि रोडेलने बघितलं. तीन सेकंद असतील, चार असतील. शेजारून ट्रकचा भोंगा कानठळ्या बसवत वाजला. त्याने चाक फिरवलं, गाडी पट्ट्यात आणली. काही झालं नाही. पण मागे हायवेच्या पोलिसाची गाडी होती.

पोलीस काचेशी वाकला. पडद्यावर राक्षस मेल्याचं संगीत अजून वाजत होतं, खेळातला जनेलचा माणूस नाचत होता. पोलिसाने पडद्याकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं, आणि म्हणाला, “साहेब, तुम्हाला मुलगी एकच आहे ना?” आणि त्याने दंडाची पावती फाडली.

उरलेल्या रस्त्यात रोडेलच्या मनात दहा वेळा आलं, पोरीला सांगावं, मम्मीला बोलू नकोस. दहाही वेळा जीभ रेटली नाही. आणि दारात पाऊल टाकताच जनेलच ओरडली, “मम्मी! पोलीस आला होता! आणि मी राक्षस मारला!”

मारिव्हिकने पोरीला आत पाठवलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. “रोज बघते मी,” ती हळू म्हणाली. “हॉस्पिटलात आणतात ना, मीच कात्रीने कपडे कापते त्यांचे. पोरांचेसुद्धा. मी तुला विचारलं होतं, रोडेल. या इथेच उभं राहून विचारलं होतं.”

तिने कोर्टात अर्ज केला. वाईट बाई नव्हती ती. तिच्या जागी कोणीही हेच केलं असतं.

दान्तेकाकाने रोडेलला पढवून पाठवलं. “म्हणायचं, वायर सुटली असेल. म्हणायचं, त्याच दिवशी बिघडलं. कोण येतंय डॅशबोर्ड उचकटून बघायला? एकदा नीट तोंड उघड आयुष्यात!”

कोर्टाने मुलांशी बोलायला नेमलेली बाई आधी जनेलशी एकटीशी बोलली. मग आईबापाला समोर बसवून तिने कागदावरचं वाचून दाखवलं. गाडीत काय काय करतेस असं विचारल्यावर पोरीने मोठ्या अभिमानाने सांगितलं होतं: ‘दुसऱ्यांच्या गाडीत गाडी निघाली की गेम बंद होतो. आमच्यात नाही होत. माझ्या डॅडीला वायरची युक्ती माहितीये, त्यानेच सांगितली मला. तो काहीही करू शकतो. आणि मी बोलावलं की तो पण बघतो, नेहमी बघतो.’

बाईने चष्मा काढला. “मिस्टर माग्पांताय, हे असंच आहे का? की मुलीचा काही गैरसमज झालाय?”

वाट मोकळी होती. वायर सुटली म्हणायचं, संपलं. पण मग त्या कागदावर पोरगी खोटारडी ठरत होती. रोडेलने मान वर केली.

“असंच आहे,” तो म्हणाला. “पोरगी खोटं बोलत नाही.”

निकाल लागला. सहा महिने मुलीला गाडीत घ्यायचं नाही. महिन्यातून दोन शनिवार, फ्रेझ्नोतल्याच एका केंद्रात, देखरेखीखाली, एक तास. कसलंही यंत्र आत न्यायचं नाही.

पहिल्या शनिवारी रोडेल इस्त्रीचा शर्ट घालून दोन तास एकटा गाडी चालवत गेला. खोलीत एक ठेंगणं टेबल, रंगपेन्सिली, कोपऱ्यात खुर्चीवर वही घेऊन बसलेली एक बाई. जनेल आली, त्याला मिठी मारली, समोर बसली. रागबिग काही नव्हता तिला. फक्त परक्याच्या घरी आल्यासारखी हात मांडीवर ठेवून बसली होती.

“शाळा कशी चाललीये?”

“ठीक.”

“जेवलीस?”

“हो.”

भिंतीवरचं घड्याळ मोठ्याने टिकटिकत होतं. पोरीचा आवडता विषय कुठला, शाळेतल्या बाईंचं नाव काय, झोपताना दिवा लागतो का, त्याला एकही गोष्ट माहीत नव्हती. चौथी लेव्हल माहीत होती, नववी माहीत होती. शेवटी त्याला एक नाव आठवलं, कधीतरी कानावर पडलेलं.

“ती तुझी मैत्रीण... ब्रियाना ना? ती कशी आहे?”

जनेलने त्याच्याकडे नवलाने पाहिलं. “ती गेली ना, डॅडी. टेक्सासला. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीच्या आधीच.”

“अरे? मग तू बोलली नाहीस मला.”

“बोलले होते,” जनेल म्हणाली. तक्रार म्हणून नाही, नुसतं खरं सांगावं तसं. “गाडीत. मी रडत पण होते. तू म्हणालास, रडू नको, आधी ही लेव्हल मार.”

कोपऱ्यातल्या बाईने वहीत काहीतरी लिहिलं. जनेलने एक पेन्सिल उचलली, तिचं टोक बघितलं, आणि चित्र काढायला लागली. अजून पन्नास मिनिटं उरली होती.