विचला पिवळी साडी

नागपुरात बेसामधल्या एका प्लेस्कूलमध्ये मी तीन महिन्यांच्या ट्रायलवर होते. मॅडमची तक्रार एकच होती: मुलांशी छान वागते, पण पालकांशी बोलत नाही. गेटवर कुणी आलं की मी हसायचे आणि हजेरीच्या वहीत डोकं घालायचे. ऑक्टोबर संपेपर्यंत यात फरक पडला नाही, तर नोकरी पक्की होणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. हॅलोविनसाठी अंगण सजवायचं निघालं तेव्हा मी लगेच हात वर केला. त्यात बोलायचं काही नव्हतं.

विकत काही आणायचं नाही, असं ठरलं होतं. फाटक्या चादरींची भुतं मी कडुनिंबाला टांगली. अंड्यांचे ट्रे कापून वटवाघळं केली आणि बूटपॉलिशनं काळी केली. मधोमध मोठी विच. तिच्या काठ्या आमच्या आयामावशींनी बांधल्या. गावाकडे शेतातलं बुजगावणं त्याच करायच्या. केसांना आमच्या कूलरचं जुनं गवत लावलं, उन्हाळाभर भिजून तपकिरी झालेलं. काळं कापड पुरलं नाही म्हणून आईची विटकी पिवळी साडी गुंडाळली.

"हे कोन करून राहिली वं बाई?" मावशींनी विचारलं.

"विच."

"असं," म्हणाल्या आणि झाडू घेऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक आजी नातीला घेऊन आल्या आणि गेटातच थांबल्या. "पोळ्याच्या पाडव्याले घालवली ना मारबत. वापस काहून आणली?"

मी वळून बघितलं. बांबूची काठी, पिवळं अंग, पिंजारलेले केस. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवणुकीतून शहराची रोगराई घेऊन जाते, आणि जिचा पुतळा शेवटी जाळतात, तीच पिवळी मारबत मी शाळेच्या अंगणात उभी केली होती.

"आजी, ही मारबत नाही."

"मंग कोन होय?"

"चेटकीण."

"मंग तं अजूनच बेस झालं," आजी म्हणाल्या. मागचे पालक हसले. "नात आत नाही येत माही."

ऑफिसच्या दारात मॅडम उभ्या होत्या. हजेरीची वही आत टेबलावर राहिली होती.

"मग आपण तिला घालवू या," मी म्हणाले. "मुलंच नेतील. काय ओरडायचं ते तुम्ही सांगा, मला नीट येत नाही."

"नागपूरचीच ना तू?" आजींनी विचारलं.

"हो."

"अन् येत नाही." त्यांनी सांगितलं. मी हळूच म्हटलं.

"मारबतले ऐकू नाही आलं," आजी म्हणाल्या.

"सर्दी-खोकला घेऊन जाय गे मारबत," मी ओरडले. मुलांनी लगेच उचललं. आजींच्या नातीनं ओरडून डब्यातला नावडता दोडकाही मारबतीसोबत पाठवून दिला. मुलांनी तिला मागच्या रिकाम्या प्लॉटवर नेलं आणि मावशींनी केसांच्या गवताला काडी लावली. मी साडी तेवढी सोडवायला गेले, तर त्यांनी हात धरला. "गेलेल्या मारबतीचं काही घरी नेत नसतात."

दुपारी मॅडम म्हणाल्या, "बोललीस. पण आपली शाळा इंग्लिश मीडियमची आहे." आणि नोकरी पक्की करायच्या फॉर्मवर सही केली.

घरी आईला मी आधी नोकरीचं सांगितलं. साडी जळाल्याचं मात्र जेवण झाल्यावर.