समोर येऊन बोल

"ती बोलते का त्यात?" आईने विचारलं.

"अगं, मूकपट आहे. कोण बोलणार?"

"तेच विचारतेय. ओठ हलतात का?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दोन दिवसांपूर्वी इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका बाईचा फोटो आला होता. अ‍ॅमस्टरडॅममधल्या एका संग्रहालयाला जुन्या भारतीय मूकपटाचं रीळ सापडलं होतं. हिला कोणी ओळखतं का, एवढीच विचारणा होती. त्यांच्या यादीत ती 'अनोळखी स्त्री' होती. मी सहज म्हणून आईला दाखवला, तर तिने मोबाइल असा ढकलला की चहा सांडला. "आपली कोणी नाही ती." आपली आहे का, असं मी विचारलंच नव्हतं.

आई ऐंशीची. सहाव्या वर्षी तापात कान गेले. ती ओठ वाचते, तेही फक्त मराठी. अ‍ॅमस्टरडॅमजवळ हूफडॉर्पला माझ्याकडे तीन महिने आली की माझी मुलगी तिला इंग्रजीत उत्तरं देते आणि आई नुसती हसते. त्या हसण्याचा मला फार राग येतो, आणि मुलीला दोन शब्द शिकवायला सवड न काढलेल्या स्वतःचाही.

त्या दुपारी आईने सगळं सांगितलं. ती बाई आईची आजी, म्हणजे माझी पणजी. आधी स्त्रियांच्या नाटक कंपनीत, मग मूकपटांत नायिका. बोलपट आले आणि तिचं हिंदी कोणाला पटेना. शूटिंगला न्यायला येणारी गाडी एक दिवस आली नाही, ती पुन्हा कधीच आली नाही. नाटकात परतली तर तिथे दासीची कामं, आणि मग ती कंपनीही बुडाली. दरम्यान लेकीचं लग्न जमावं म्हणून नातेवाइकांनी हिला मेलेली ठरवून टाकलं. ती मात्र जिवंत होती, आणि दुपारी पुरुषमाणसं घरात नसताना मागच्या दाराने लेकीकडे यायची.

बहिऱ्या नातीत कोणाला रस नव्हता, म्हणून ती आजीच्या वाट्याला आली. ओठ वाचायला आईला तिनेच शिकवलं. आवाजाशिवाय बोलणं हा तर तिचा धंदाच होता. घरातल्या बायकापोरांना ती दटावायची, "पोरीच्या समोर येऊन बोला."

"मग आपली नाही का म्हणालीस?" मी विचारलं.

"माझ्या लग्नात मांडवाच्या दाराशी आली होती. सासूबाईंनी खुणेने विचारलं, ही कोण? मी म्हटलं, माहीत नाही. ती लांबून काहीतरी सांगत होती. मी तोंड फिरवलं."

बहिऱ्या माणसाने तोंड फिरवणं म्हणजे काय, हे मला कोणी समजावायला नको होतं.

"वर्षाच्या आत गेली ती. काय म्हणाली, ते राहूनच गेलं."

पुढच्या आठवड्यात आम्ही संग्रहालयात गेलो. तिथल्या डच बाईने आम्हाला छोट्या खोलीत बसवलं, दिवे मालवले. पडद्यावर राजवाडा आला, राणी आली. तिने हात जोडले आणि डच पाटी झळकली: महाराज, मला क्षमा करा. तेवढ्यात आई राणीचे ओठ वाचत मोठ्यांदा, तिच्या त्या सपाट आवाजात म्हणाली, "आटपा हो लवकर. पोर उपाशी आहे माझी."

ती पोर म्हणजे आईची आई. डच बाईने घाबरून फिल्म थांबवली, दिवे लावले.

"माझी आजी आहे," आई तिला मराठीत म्हणाली. "लिहा."

मी नाव सांगितलं, एकेक अक्षर करून. 'अनोळखी स्त्री' खोडली गेली. मला वाटलं, सुटली आई. पण आई पडद्याकडेच बघत होती. शेवटचा तुकडा राहिला होता. पुन्हा दिवे मालवले.

त्यात राणी दाराकडे जाते. उंबऱ्यापाशी थांबते. पाठ आपल्याकडे. मान हलते, कानातले डूल हलतात. ती काहीतरी बोलते आहे. मग पडदा पांढरा होतो.

"परत लावायला सांग," आई म्हणाली. परत लावलं. पुन्हा एकदा लावलं. चौथ्या वेळी आई उठली, पडद्याच्या अगदी कडेला गेली आणि मान वाकडी करून पलीकडून बघायला लागली. त्या डच बाईला माझ्या तोंडाकडे बघवेना.

"तिला म्हणावं, समोर येऊन बोल," आई मला म्हणाली. "एकदाच. म्हणावं, आता मी बघतेय."

मी दिवे लावायला सांगितले. आईच्या समोर जाऊन उभी राहिले आणि सावकाश म्हटलं, "आई, संपलं गं."

आईने तोंड फिरवलं.