गोंगाटातली जागा

माझ्या तोंडाला लगाम नाही, हे आधीच सांगून टाकते. मोहिमेतली पोरं मला मागून 'हेडबाई' म्हणतात. मी बोलायला लागले की समोरच्याला फक्त मान डोलवायचं काम उरतं. म्हणून तर छापखानेकाकांची एवढी मोठी गोष्ट वर्षभर माझ्या ध्यानातच आली नाही.

आमची मोहीम गरिबीविरुद्धची. मोठ्या कॉन्सर्टला फाटकाजवळ आम्हाला एक टेबल लावू देतात. निळी जॅकेटं घालून आम्ही लोकांना गाठतो आणि गरिबांसाठी मंजूर झालेला निधी गरिबांपर्यंत पोहोचलाच पाहिजे, या मागणीच्या कार्डावर सही नि फोन नंबर घेतो. लोक आलेले असतात गाणी ऐकायला. गरिबीचं नाव काढलं की अर्ध्यांना एकदम कुणालातरी शोधायचं असतं.

काका मात्र रिकाम्या हाताने कधी परतले नाहीत. सत्तरीला टेकलेला माणूस, तीस वर्षं वर्तमानपत्राच्या छपाई मशीनवर काढलेली. आत ड्रम वाजायला लागले की आमचे घसे बसायचे आणि काकांना उलट जोर चढायचा. अनोळखी पोरीसुद्धा त्यांच्या कानाशी वाकून काहीबाही ओरडायच्या. ते तोंडाकडे टक लावून बघायचे, हसायचे, कार्ड पुढे करायचे. जाताना कुणी खांद्यावर हात ठेवायचं. काका तो खांदा जरा वेळ हलवायचेच नाहीत.

मला वाटलं, एवढ्या गुणी माणसाला काहीतरी मानाचं काम द्यावं. सही करणाऱ्यांना दुसऱ्या दिवशी फोन करून आभार मानायचे, त्यांचं म्हणणं लिहून घ्यायचं, हे आमच्याकडचं जोखमीचं काम. मी सगळ्यांसमोर ती यादी काकांच्या हातात ठेवली. त्यांचा चेहरा उतरला. मला वाटलं, संकोच. आपल्याला काय, आपण टाळ्या वाजवून मोकळ्या.

आठवडाभरात तक्रारी आल्या. तुमचे काका प्रश्न विचारतात आणि उत्तर अर्धं सोडून फोन ठेवतात. एका बाईंनी मोहिमेला दोनदा शिव्या घातल्या, तर हे दोन्ही वेळा म्हणाले, ऐकून फार आनंद झाला. माझं डोकं सणकलं. एरवी मी त्यांना मेसेज करायचे, त्या दिवशी सरळ फोन लावला आणि तोंडाचा पट्टा सोडला. माझं वाक्य अर्धं झालेलं असायचं आणि ते मध्येच म्हणायचे, "हो ताई, सगळे छान बोलले." शेवटी मी म्हटलं, असंच करायचं असेल तर येऊच नका.

"हो ताई, शनिवारी वेळेवर येतो," काका म्हणाले.

अंगाचा नुसता तिळपापड झाला. हा म्हातारा मला खेळवतोय! शनिवारी ते खरंच आले, सगळ्यांच्या आधी, जॅकेटची बटणं गळ्यापर्यंत लावून. मी सगळ्यांदेखत ते जॅकेट मागून घेतलं. त्यांनी माझ्या तोंडाकडे नीट बघितलं, निमूटपणे बटणं काढली आणि गेले.

यादी त्यांच्याकडेच राहिली होती, ती आणायला मी सोमवारी त्यांच्या खोलीवर गेले. दार वाजवून वाजवून हात दुखला. खालून शिवणकामवाली बाई वर आली आणि मलाच म्हणाली, अहो, ढकला की दार, त्यांना कुठे ऐकू येतंय? मशीनच्या धडधडाटात कान गेले, त्याला सहा वर्षं झाली. कानाचं यंत्र घेतलं होतं, ते नुसतंच किंचाळायचं. बायको होती तोवर ती समोर बसून हळूहळू बोलायची. ती गेली. मुलगा लांबच्या गावी, तो मेसेज पाठवतो. आम्हीही काय, येता-जाता हात हलवतो.

मी दार ढकललं. काका खिडकीकडे तोंड करून बसले होते, फोन कानाला, यादी मांडीवर. जॅकेट काढून घेतलं तरी उरलेले नंबर पुरे करत होते. त्यांनी आपलं वाक्य म्हटलं आणि मग बोटांवर मोजायला लागले. सातव्या बोटाला म्हणाले, "ऐकून फार आनंद झाला. धन्यवाद." फोन खाली ठेवला, नावापुढे बरोबरची खूण केली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मला बघून ते दचकले. मी समोर बसले, जन्मात पहिल्यांदाच सावकाश बोलले, माफी मागितली, शनिवारी या म्हटलं. त्यांनी माझा शब्दन् शब्द ओठांवरून टिपला. मग म्हणाले, "तेवढं कुणाला सांगू नका, ताई."

मी मान डोलवली आणि घरी पोहोचायच्या आत सगळ्यांना मेसेज केला. चांगल्यासाठीच हो! पोरांनी त्यांच्याशी नीट वागावं म्हणून. वर माझा शहाणपणा असा की एक बिल्लाही छापून घेतला. 'मला ऐकू येत नाही. कृपया समोर येऊन बोला.' शनिवारी जॅकेट परत दिलं आणि तो माझ्या हातांनी त्यांच्या छातीवर लावला.

त्या दिवशी पोरांनी त्यांना खुर्ची दिली. एकेक जण तोंड वासून, हातवारे करून विचारत होता, पाणी हवं का? लोक बिल्ला वाचायचे, अरेरे असा चेहरा करायचे, मुकाट्याने सही करायचे, पुढे जायचे. कानाशी कुणी वाकलं नाही. सह्या इतक्या झाल्या की कार्डं संपली आणि मी आपली खुशीत. चौथ्या गाण्याला वळून बघते तर खुर्ची रिकामी. जॅकेट घडी करून टेबलावर, त्यावर बिल्ला.

मी मेसेज केला. मग आणखी तीन. पाचव्या दिवशी उत्तर आलं. 'ताई, रागावलो नाही. तिथे त्या आवाजात कुणालाच कुणाचं ऐकू येत नव्हतं, म्हणून मी यायचो. आता मला एकट्यालाच येत नाही.'

मी उत्तर लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. मला बोलता येतं, लिहिता कुठे येतं? आणि फोन तरी कसा करणार?