विजयमालाबाईंची मिशरी

राहात्याच्या विजयमालाबाईंच्या पोटात शहाण्णव साली एकच आग होती, निवेदिता. पोरगी नगरहून एमएस्सी होऊन मेडिकल कॉलेजच्या लॅबमध्ये आली आणि आल्या आल्या लॅबच्या सरांची लाडकी झाली.

बाईंची उमेदीची वर्षं त्याच लॅबमध्ये रक्त धुण्यात गेलेली. धुणंच ते. रक्ताची नळी यंत्रात गरगर फिरवायची, वरचं पाणी काढायचं, खाली बसलेल्या तांबड्या पेशी थंड मिठाच्या पाण्यात पुन्हा पुन्हा खळबळायच्या, मग बर्फावर ठेवून फोडायच्या. शरीराला आतून गंज चढू न देणारी अँटिऑक्सिडंट एन्झाइमं त्या पेशींत असतात. तंबाखूनं त्यांच्या कामात किती फरक पडतो, हे सर मोजत होते. तुलनेला तंबाखू न खाणाऱ्यांचं रक्त लागे. हे नमुने जमवायचं काम दोघींत निम्मं निम्मं वाटलेलं. जिचं काम सरस, ती सरांबरोबर पुण्याच्या परिषदेला जाणार.

"हात बघा हिचा, किती हलका!" सर निवेदिताचं कौतुक करायचे.

'हलकाच असनार,' बाई मनात म्हणायच्या, 'कधी शेनात घातलाय का?'

एका सकाळी निवेदितानं झाडलोट करणाऱ्या गोजरबाईचं रक्त घेतलं.

"मावशी, तंबाखू खाता?"

"न्हाई गं बाय. लई वंगाळ सवय."

बाईंना गोजरबाईचे काळे दात दिसले. मिशरी! तव्यावर भाजलेली तंबाखूच ती. पण आपल्याकडं मिशरी खातं कोण? दातांना लावतात. बाई मुद्दाम गप्प बसल्या.

आठवड्यानं सरांनी पुण्याला न्यायला निवेदिताचं नाव घेतलं, तशा बाई ताडकन उठल्या.

"सर, ती गोजर मिशरी लावती. हिचं काम नासलंय!"

निवेदिता पांढरीफटक. दारात गोजरबाई झाडू टेकून उभी होती.

"अवं इजयमालाबाई, आन् रोज सकाळी माझ्या डबीतली चिमूट कोन घेतं? तवा बरी ग्वाड लागती!"

बाईंनी आपल्या वाट्याच्या नमुन्यांत, तंबाखू न खाणारी म्हणून, पहिलं रक्त स्वतःचंच घातलं होतं. स्वतःची मिशरी त्यांच्या ध्यानातही नव्हती.

सरांनी कपाळावर हात मारला. "सगळ्या बायकांना पुन्हा विचारा. दोघींचं काम परत. पुण्याला मी एकटा जातो."

निवेदिता डोळे पुसत नळ्या विसळायला गेली. बाईंनी जरा वेळ तिच्या पाठीकडं पाहिलं. मग डबा उघडला आणि कित्येक दिवसांनी भाकर चवीनं खाल्ली.